तारा बदलताना

जुन्या वस्तूंच्या बाबतीत 'मूळ' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मूळ वाडा, मूळ चाल, मूळ संहिता, मूळ गाव. शब्द उच्चारला की समोरचा माणूस आदराने गप्प बसतो आणि नेमके काय मूळ आहे हे विचारायचे राहून जाते. हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथाने घातला असता तर मी त्याला ग्रंथातलेच उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण तो घातला एका मोटारीतल्या कापडी तारांनी, आणि त्यांना तुळशीच्या लग्नापर्यंत उत्तर द्यायचे आहे. कारण त्यानंतर आमचे मेस्त्री मोकळे होतात आणि माझी नात डिसेंबरात हीच गाडी घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला जायचे म्हणते.

गाडी मॉरिस मायनर, १९५४ सालची. पुढची काच मधोमध दुभागलेली, इंजिन ८०३ सीसीचे. माझ्या सासऱ्यांनी १९५८ साली ती एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली. ते शहापुरात डॉक्टर होते. खानापूर, नंदगडकडची बोलावणी यायची, आणि रात्री-अपरात्री जायला हीच गाडी. मायनरचा आराखडा अॅलेक इसिगोनिस यांचा. गाडी १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात प्रथम दिसली आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ बनत राहिली. आमची गाडी बनली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. नंतर तिच्या कागदांवर म्हैसूर राज्य आले, मग कर्नाटक. २०१४ पासून गावाचे नावही बेळगावी असे लिहिले जाते. गाडी शेडमध्ये जागची हलली नाही. कागद मात्र बदलत गेले.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी डॅशबोर्डाखालून धूर आला. ज्वाळा नाहीत, नुसता रबर जळल्याचा वास आणि धुराची एक रेघ. मेस्त्रींनी बॅटरीची तार काढली, टॉर्च घेऊन ते खाली आडवे झाले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग बाहेर येऊन म्हणाले, "सर, आत वायरिंग नाही. नुसतं कापड आहे बघा."

ते अक्षरशः खरे होते. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत तांब्याच्या तारेवर रबर आणि रबरावर रंगीत सुताची वीण असे. सूत दिसायला धडधाकट राहते, आतले रबर मात्र काही दशकांत कडक होते, भेगाळते आणि बोटाने चुरगाळले की भुग्यासारखे गळते. वरून शाबूत, आतून उघडी तार. तेव्हा तारा बदलाव्यात की नाही हा प्रश्न उरलाच नाही. उरला तो एवढाच, की बदलून काय घालावे. आणि त्या 'काय'पाशी येऊन मी, मेस्त्री, नात आणि पुण्याचे एक गाडीवेडे स्नेही असे चौघे चार दिशांना तोंडे करून बसलो.

पुण्याच्या स्नेह्यांचे म्हणणे असे, की इंग्लंडात अजून जुन्या नमुन्यांबरहुकूम कापडी वायरिंग विणून मिळते, ते मागवावे. एक तारही जाड-बारीक करू नये. मेस्त्रींचे म्हणणे, सगळे फेकून नवे टाकू, बारा फ्यूज, चार रिले, अल्टरनेटर, पुन्हा म्हणून हात लावायला नको. नातीचे म्हणणे फक्त एवढेच, की घाटात वळणावरचे दिसले पाहिजे.

आधी हिशेब पाहू. नैतिक प्रश्नांची चर्चा पुष्कळदा हिशेबाच्या आधी सुरू होते आणि म्हणूनच ती लांबते, असे माझे मत आहे.

मी मीटर लावून पाहिले. दिवे लावल्यावर बॅटरीपाशी १२.४ व्होल्ट होते आणि पुढच्या दिव्यापाशी १०.९. मधले दीड व्होल्ट गेले कुठे? तर वाटेत. बॅटरीकडून कटआउटच्या पेटीत, तिथून डॅशवरच्या बटणात, तिथून पायाखालच्या डिपरमध्ये, तिथून परत पुढे दिव्यात. प्रत्येक गंजलेल्या जोडावर थोडे थोडे सांडत. आता गंमत अशी, की तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगाने उतरतो. दाब सुमारे १२ टक्के कमी झाला की उजेड जवळजवळ एक तृतीयांश जातो. म्हणजे बल्ब मोठा घालण्यापूर्वीच, नुसती वाट नीट केली तरी गेलेला उजेड परत मिळतो.

त्यासाठी रिले. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड तार थेट न्यायची आणि मध्ये रिले ठेवायचा. डॅशवरचे जुने बटण त्या रिलेला फक्त इशारा देते. दहा अँपिअरचे ओझे वाहणाऱ्या त्या सत्तर वर्षांच्या बटणावर आता पाव अँपिअरही पडत नाही. नवे आल्यामुळे जुने मोडीत निघते असे आपण धरून चालतो, इथे ते उलटे आहे. बटण तेच, त्याचा 'टक्' आवाज तोच, आणि ओझे उतरल्यामुळे ते आणखी कितीतरी वर्षे टिकेल. पुण्याच्या स्नेह्यांना हे पटवायला मला दोन फोन पुरले.

फ्यूजचे प्रकरण याहून गंभीर. या गाडीत कारखान्यातून आलेले फ्यूज मोजून दोन, काचेच्या नळीचे. पुढचे दिवे आणि इग्निशन यांना फ्यूज नव्हतेच. त्यामागे विचार होता. भर रात्री फ्यूज उडून दोन्ही दिवे एकदम जाण्यापेक्षा तार तापलेली परवडली, असा. तो विचार नव्या तारांच्या काळात केलेला होता. रबर गळाल्यावर तोच विचार घातक ठरतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. फ्यूज हा दिव्याच्या किंवा हॉर्नच्या रक्षणासाठी नसतो, तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेला किती सोसते त्यावर फ्यूज ठरवायचा. मोठ्या फ्यूजने काम 'चालते', म्हणून तो घालणारे मेस्त्री पुष्कळ. मग तारच फ्यूज होते आणि ती जळते ती गालिच्याखाली. मी डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज धरला आहे. एक गेला तरी एक डोळा उरेल. जुन्या अभियंत्यांची काळजी आणि आजची काळजी, दोन्हींची त्यात सोय होते.

राहिला डायनामो. तो फार तर वीसेक अँपिअर देतो, तोही गाडी पळत असताना. पावसाळी रात्री ५५-६० वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे दहा अँपिअर, मागचे-पुढचे छोटे दिवे दोन, इग्निशन तीन-चार, वायपर तीन. बेरीज एकोणीस. कागदावर बसते. परंतु घाटात ट्रकच्या मागे सरपटताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, दिवे पिवळे पडतात आणि बॅटरी उतरत राहते. अल्टरनेटर संथ फिरतानाही वीज देतो. माझा पहिला कल मागणी कमी करण्याकडे होता. मागचे दिवे एलईडीचे करावेत, दोन अँपिअर वाचवावेत, आणि डायनामो राखावा. गरजा कमी करणे हा आमच्या पिढीचा आवडता उपाय, आणि तो नेहमीच चुकीचा असतो असेही नाही. पण घाटात ट्रकच्या मागे वाचवलेले दोन अँपिअर काही कामाचे नाहीत. तेव्हा अल्टरनेटर.

एवढे बदलल्यावर ही गाडी तीच राहते का?

ग्रीकांच्या थीसियसच्या जहाजाची कथा वाचकांना ठाऊक असेलच. प्लुटार्कने ती सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपले, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि तत्त्वज्ञांना कायमचा विषय मिळाला. सतराव्या शतकात हॉब्सने त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या गोळा करून कुणी दुसरे जहाज बांधले, तर थीसियसचे कोणते? मला हे वकिली वाटायचे. पण परवा पुण्याच्या स्नेह्यांचा फोन आला, "जुनं वायरिंग टाकू नका हं, मला द्या." तेव्हा हॉब्स किती व्यवहारी माणूस होता ते कळले.

आपल्याकडे हा प्रश्न जहाजापेक्षा रथावर बसून आला. मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद म्हणजे ग्रीक मिनँडर रथातून येतो, आणि नागसेन त्याला विचारतो की दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? चाके? या सगळ्यांहून वेगळा असा रथ आहे? राजा नाही नाही म्हणत जातो, आणि 'रथ' हे या भागांच्या आधाराने दिलेले केवळ नाव आहे, इथवर दोघे येतात. वाचून मन हलके होते. परंतु नागसेनाच्या उत्तराने माझे काम अडते. रथ हे नुसते नावच असेल, तर कोणतीही तार कशीही बदला, कुणाचे काहीच बिघडत नाही. आणि बिघडते, हे तर मला ठाऊक आहे.

पुरीच्या जगन्नाथाकडे पाहावे तर तिसरेच. तिथे नवकलेवराच्या वर्षी, अलीकडे १९९६ आणि २०१५ साली, लाकडी मूर्तीच नव्या घडवल्या. जुन्या मूर्तीतले 'ब्रह्म' नव्यात ठेवले आणि जुन्या मूर्ती भूमीत पुरल्या. लाकूड गेले, देव राहिला. युरोपात १८७७ साली विल्यम मॉरिस आणि मंडळींनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती जीर्णोद्धाराच्या विरोधात. काळाने चढवलेले खरवडून काढू नका, डागडुजी करा, असे त्यांचे म्हणणे. (आमच्या गाडीचा मॉरिस वेगळा.) आपली परंपरा नूतनीकरणाला पुण्य मानते, त्यांची ही शाखा त्याला खोडसाळपणा मानते. मी दोन्हीकडचे थोडे घेतो, आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. दोन भाषांच्या गावात राहणाऱ्याला ही सवय असते.

मग गाडीतले 'ब्रह्म' कोणते? भारत सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते आणि तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मूळ रूप बिघडवणारे मोठे फेरफार कोणते, तर नियमात नावे आहेत चॅसिसची, बॉडीची आणि इंजिनाची. तारांचे नाव नाही. कायद्याच्या लेखी तारा म्हणजे गाडीचे कपडे असावेत. सुटलो, असे क्षणभर वाटले. पण कायदा 'ही गाडी कोणती' एवढेच विचारतो. मला विचारायचे होते ते वेगळे. मी जे करतो आहे त्याने मी कुणाचे देणे चुकवतो, कुणाचे बुडवतो?

या प्रश्नाने मला बरेच सुटसुटीत केले. देणे गाडीतल्या माणसांचे आहे. ते रिले आणि फ्यूजने फिटते. देणे ज्यांनी ती गाडी घडवली आणि वापरली त्यांचे आहे. आणि देणे पुढे कधीतरी ती उघडणाऱ्या अनोळखी माणसाचे आहे. शेवटच्या दोन देण्यांचा विचार सहसा कुणी करत नाही.

वापरणाऱ्यांचे सांगतो. जुने वायरिंग बाहेर काढले तेव्हा त्यात निरनिराळ्या हातांचे जोड सापडले. कुठे घरगुती लाल वायर, कुठे नुसताच पीळ. स्टिअरिंगखाली एके ठिकाणी मात्र तारांवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली, पण कडा अशा नेटक्या दुमडलेल्या की गुंडाळणाऱ्याचा पेशा लपू नये. आंबोली घाटात एकदा गाडी बंद पडली आणि यांनीच 'मलमपट्टी' करून घरी आणली, हे सासूबाई सांगत असत. आम्ही ती थट्टा समजत होतो. आता सांगा, मूळ काय? १९५४ साली इंग्लंडातून निघाली ती तार, की तिच्यावरची ही पट्टी? तंतोतंत कारखान्यासारखी गाडी करायची म्हणजे डॉक्टरांना तिच्यातून पुसून टाकायचे. मेस्त्री म्हणाले, "तेवढा तुकडा कापून देतो सर, फ्रेम करा." मी नको म्हटले. अख्खा जुना संच गुंडाळून, कोणती तार कुठली याच्या चिठ्ठ्या लावून शेडच्या फळीवर ठेवायचा; डायनामो आणि कटआउटची पेटीही तिथेच. पुण्याला तो जाणार नाही. नव्या कामासाठी पत्र्याला एकही नवे भोक पाडायचे नाही, आहेत त्याच भोकांत सगळे बसवायचे. उद्या कुणाला परत फिरावेसे वाटले तर वाट बुजलेली नसावी.

आता अनोळखी माणसाचे. काही हौशी लोक जुन्या कटआउटच्या पेटीतले अवयव काढून आत नवे इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवतात; झाकण लावले की पारखी माणूसही फसतो. हे खोटे बोलणे आहे का? १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत इमारतींसाठी नियम आहे की नवा घातलेला भाग एकंदर रूपाशी जुळावा, तरी मुळाहून वेगळा ओळखू यावा. मला वाटते इथे दोन डोळ्यांत फरक केला पाहिजे. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून लपवणे ही रीत आहे, घरातही आपण वायर भिंतीत घालतो. उघडणाऱ्याच्या डोळ्यापासून लपवणे हा मात्र दगा आहे.

आमच्या गाडीत तर हा दगा सरळ भडका उडवील. मायनरमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, पॉझिटिव्ह अर्थ. धन आणि ऋण ही नावे अठराव्या शतकात फ्रँकलिनने दिली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली, आणि वाहणारा कण ऋण आहे हे कळले तोवर सगळ्या जगाची आकृती उलट्या बाणांनी काढून झाली होती. नाव चुकले तरी एकमत असले की काम चालते. एकमत मोडले की मात्र डायोड जळतो. अल्टरनेटर घालायचा म्हणजे आमची गाडी निगेटिव्ह अर्थ होणार. उद्या एखादा जाणता माणूस बॅटरी बदलायला येईल, मायनर म्हटल्यावर डोळे मिटून धन टोक बॉडीला लावील, आणि अल्टरनेटर त्या क्षणी संपेल. अडाणी माणूस निदान विचारील तरी. इथे फसेल तो ज्याला गाडी उत्तम कळते तोच. त्याच्या ज्ञानावरच मी सापळा लावल्यासारखे होईल.

म्हणून बॅटरीशेजारी ठळक पाटी हवी. ती कोणत्या भाषेत? मेस्त्री घरी दखनी बोलतात, कन्नड वाचतात, माझ्याशी मराठीत बोलतात आणि पार्टांची नावे तेवढी इंग्रजीत घेतात. त्यांचा शिकाऊ पोरगा फक्त कन्नड वाचतो. नातीला देवनागरी सावकाश येते. मी आधी मराठीत लिहिले होते; मेस्त्रींनी पाहिले आणि काही न बोलता खाली कन्नडमध्ये लिहिले. त्या खाली नातीने इंग्रजीत. पाटी बॅटरीपेक्षा थोरली झाली आहे.

तारांच्या रंगांनाही हाच न्याय लावला. मेस्त्रींकडे लाल आणि काळी वायर भरपूर होती, सगळी गाडी तेवढ्यात झाली असती. पण लुकास कंपनीच्या जुन्या रंगांना व्याकरण आहे. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी म्हणजे चावी आणि फ्यूज दोन्हींमधून आलेली, निळी पुढच्या दिव्यांची, काळी अर्थची. घरच्या वायरिंगवाल्याला हिरवी म्हणजे अर्थ. इथे हिरवीत वीज असते. या भाषेत शब्द तेच असून अर्थ उलटे आहेत, कन्नड-मराठीत होते तसे. जुन्याच रंगांची, पण जरा जाड आणि आजच्या आवरणाची वायर घ्यायची असे ठरले. रंगांना लिपी लागत नाही, आणि हा तक्ता जगात कुठेही मिळतो. नव्या रिलेच्या तारांना ३०, ८५, ८६, ८७ असे ठरलेले आकडे असतात, तेही चिठ्ठ्यांवर लिहू.

एका गोष्टीवर मात्र अजून मत होत नाही. या गाडीला लुकलुकणारे इंडिकेटर नाहीत. दाराच्या मागच्या खांबातून वीतभर लांबीचा, नारिंगी उजेडाचा हात बाहेर पडतो, त्याला ट्रॅफिकेटर म्हणतात. मायनरमध्ये तो १९६१ पर्यंत होता. सासऱ्यांच्या काळी तो वर आला की मागचा टांगेवाला थांबायचा. आज खानापूर रोडवर तो वर आला तर मागचा मोटारसायकलवाला कुतूहलाने आणखी जवळ येतो. दिवा चालू आहे, हात उठला आहे, सांगणाऱ्याने सांगितले आहे, आणि ऐकणाऱ्याला ती भाषा येत नाही. माझ्या मते संकेत हे वळणारा मागच्याला देतो ते वचन असते, आणि वचन घेणाऱ्याला कळेल अशाच भाषेत द्यावे लागते. आपली भाषा किती सुंदर आहे हा तिथे मुद्दा नसतो. म्हणून पुढच्या-मागच्या छोट्या दिव्यांतच लुकलुकणारे बल्ब बसवायचे, हे पक्के. पुण्याचे स्नेही यावर नाराज आहेत. प्रश्न आहे तो हाताचा. मेस्त्री म्हणतात, दोन्ही एकदम चालले तर लोक हात बघतील आणि दिवा बघायचे विसरतील. हात बंद ठेवा. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. नात म्हणते, हात नाही तर मी गाडी नेत नाही. तिला लहानपणी याच हाताने हसवलेले आहे.

तूर्त मी हाताला वेगळे बटण दिले आहे, आकृतीवर तुटक रेघेने. वायर आली आहे, थिंबल यायची आहेत. बॅटरी मेस्त्रींकडे चार्जिंगला आहे आणि पाटी रंगवून वाळत घातली आहे.